तीन वायरींची रात्र

घोरणं हा आपल्याकडे जोकचा विषय आहे. लग्नाचं वऱ्हाड रात्री एका हॉलमध्ये झोपलं की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर कोणाचं इंजिन कितव्या गिअरमध्ये होतं याची चर्चा ठरलेली. आमच्याकडे हा मान बाबांचा. 'शांत झोप लागली की माणूस घोरतोच' हा त्यांचा फंडा आणि घरात सगळ्यांनी तो मान्य केलेला. एक आई सोडून. कारण आईला बाबांच्या घोरण्याचा त्रास नव्हताच. तिला त्रास व्हायचा तो घोरणं थांबल्याचा!

म्हणजे असं, की रात्री दोन-अडीचला करवत सुरू असायची आणि मग एकदम... सायलेन्स. दहा सेकंद, वीस सेकंद. आई अंधारात मोजत बसायची. मग बाबा मोठा आचका देऊन श्वास घ्यायचे, कूस बदलायचे, पुन्हा करवत सुरू. सकाळी त्यांना यातलं काही म्हणजे काही आठवायचं नाही. आठ तास झोपून उठायचे आणि नऊ वाजता पेपर वाचता वाचता पेपरवरच मान टाकायचे.

हे आम्ही अजून दहा वर्षं चालवून घेतलं असतं. पण गेल्या ऑगस्टच्या सुरुवातीला कल्याण-शीळ रोडवर सिग्नल हिरवा झाला तरी आमची गाडी हलेना. मागून हॉर्नचा भडिमार. मी मोबाइलमधून डोकं वर काढलं तर बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गाढ! आणि गणपती तीन आठवड्यांवर. दरवर्षी पहाटे तीनला निघून चिपळूणजवळच्या आमच्या गावापर्यंत गाडी बाबाच नेतात. मुंबई-गोवा हायवे, पाऊस, अंधार, पुढे-मागे एसट्या आणि ट्रक. मागच्या सीटवर आजी, आई आणि मखराचं सामान. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता येईना.

ठाण्यात एका छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. आईने नाव न घेता सांगितलेली सगळी लक्षणं ऐकून त्यांनी त्याला नाव दिलं : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद होते. छाती-पोट श्वास घ्यायला धडपडत असतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो. आणि झोप लागली की पुन्हा तेच. रात्रभर. म्हणजे बाबांची 'शांत झोप' ही दर दीड-दोन मिनिटांनी कोणीतरी गदागदा हलवून उठवावं अशी होती. ब्लड प्रेशरच्या गोळ्या सहा वर्षं चालू होत्या, त्याचाही याच्याशी संबंध असू शकतो हे तिथे पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हेच नाव होतं. आईला ते लगेच आठवलं. ती बप्पीदांची फॅन.

आता तपासणी. खरी, पूर्ण, जगन्मान्य तपासणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. एक रात्र स्लीप लॅबमध्ये झोपायचं. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला क्लिप, वर कॅमेरा, आणि शेजारच्या खोलीत रात्रभर जागणारा टेक्निशियन. श्वास बंद पडतोय का, इतकंच नाही. तुम्ही खरोखर झोपलात कधी, कुठल्या झोपेत होतात, किती वेळा मेंदू जागा झाला, सगळं त्यात कळतं. आम्हाला त्या लॅबची तारीख मिळाली सव्वा महिन्यानंतरची. आणि बाबांची प्रतिक्रिया मिळाली ताबडतोब : "मी काय पेशंट आहे, हॉस्पिटलात झोपायला?"

घरी येऊन त्यांनी ड्रॉवरमधून ऑक्सिमीटर काढला. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी घेतलेला, तोच. बोटाला लावला. "हे बघ, अठ्ठ्याण्णव. कसला ऑक्सिजन उतरतोय?" बरोबरच होतं. दुपारी चार वाजता, चहा पिताना, जागेपणी त्यांचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णवच असणार. प्रश्न पहाटे चारचा होता, आणि तेव्हा हा पठ्ठ्या ड्रॉवरमध्ये झोपलेला असतो.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, ते लॅबला येत नाहीत आणि आमच्याकडे सव्वा महिना नाहीये. माझी अपेक्षा होती की डॉक्टर लेक्चर देतील. ते म्हणाले, "काकांना लॅबची गरज असेलच असं नाही. आधी आईंना दोन फॉर्म भरायला सांगा. आणि काकांचा झोपेतला एक व्हिडिओ काढा."

पहिला फॉर्म 'स्टॉप-बँग'. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या टीमने २००८ मध्ये मांडलेला. मुळात तो ऑपरेशनआधी पेशंटचा धोका पटकन ओळखण्यासाठी होता, आता सगळीकडे वापरतात. आठ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. जोरात घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर, मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड, आणि पुरुष आहात का. मान मोजायला आईने शिलाईच्या डब्यातली टेप काढली. ४३! बाबांना आठपैकी सात. तीनला शंका घ्यायची, पाचच्या वर धोका जास्त. फक्त बीएमआयने त्यांची लाज राखली.

दुसरा 'एपवर्थ'. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमध्ये डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये बनवलेला. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारच्या जेवणानंतर, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली असताना... अशा आठ प्रसंगी डुलकी लागायची शक्यता किती? प्रत्येकी शून्य ते तीन. एकूण चोवीसपैकी दहाच्या वर गेलं की झोप जास्तच येतेय असं समजायचं. बाबांनी स्वतःला दिले सहा. आईने त्यांना दिले सतरा. डॉक्टरांनी आईचे धरले.

मग व्हिडिओ. तो मी काढला, रात्री अडीचला, दाराच्या फटीतून, चोरासारखा. तीन मिनिटं. मी तो पुन्हा कधी बघितलेला नाही. छाती वर-खाली होतेय आणि आवाज काहीच नाही... स्वतःच्या बापाचं असं काही बघायला लागू नये.

पण नुसते फॉर्म आणि व्हिडिओ यांवर उपचार सुरू करत नाहीत. अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी गाइडलाइन काढली, तिच्यात हे स्पष्ट म्हटलंय. फॉर्म सांगतात की कोणाची तपासणी करायची आणि कुठली. ज्याच्या बाबतीत आधीच सगळी लक्षणं ओरडून सांगतायत आणि दुसरा कुठला मोठा आजार आड येत नाही, त्याची घरच्या घरी छोट्या यंत्राने केलेली तपासणी चालते. हार्ट फेल्युअर, फुप्फुसाचा मोठा आजार, पूर्वी झालेला स्ट्रोक, स्नायूंचा विकार, अफूच्या वर्गातली वेदनाशामक औषधं, तीव्र निद्रानाश... यातलं काही असेल तर मात्र सरळ लॅब. बाबांना यातलं काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी आठला एक मुलगा बॅकपॅक घेऊन आला. त्यात डब्याएवढं यंत्र. छातीला एक पट्टा, नाकाखाली एक नळी, बोटाला क्लिप. बस! तीन वायरी. बाबांनी बनियनवर पट्टा बांधला, आरशात बघितलं, "बाँब बांधल्यासारखं दिसतंय" म्हणाले आणि स्वतःच्या उशीवर, स्वतःच्या पंख्याखाली दहा मिनिटांत घोरायला लागले. भाडं पाच हजार. लॅबचं एस्टिमेट चौदाचं होतं.

मास कॉमला आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती : स्वस्त आणि सोपं काही मिळालं की त्याला दोनदा प्रश्न विचार. म्हणून त्या रात्री, आतून करवत ऐकू येत असताना, मी शोधत बसले. एवढ्याशा डब्यावर उपचार ठरवायचे?

व्हँकुव्हरमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सापडला. ६८ पेशंट, सगळे बाबांसारखे : फॉर्मवर भरपूर मार्क, घरच्या ऑक्सिमीटरच्या रात्रभराच्या नोंदीत गडबड. अर्ध्यांची पूर्ण लॅब तपासणी केली, अर्ध्यांना लॅब न दाखवताच स्वतः प्रेशर जुळवणारं मशीन दिलं. तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच बरे. उलट लॅब न पाहिलेली मंडळी मशीन थोडं जास्त वापरत होती.

दुसरा मला जास्त इंटरेस्टिंग वाटला. ऑस्ट्रेलियातला, २०१७ चा, ४०६ पेशंटचा. त्यात उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या हातात चिठ्ठ्या टाकून तीनपैकी एकच प्रकारची माहिती दिली. काहींच्या बाबतीत पूर्ण लॅब रिपोर्ट, काहींच्या बाबतीत फक्त श्वास, छातीचे पट्टे, ऑक्सिजन वगैरे, आणि काहींच्या बाबतीत नुसता ऑक्सिजन आणि नाडी. चार महिन्यांनी पेशंटचं रोजचं जगणं किती सुधारलं ते तपासलं. मधल्या गटाचा निकाल पूर्ण लॅबच्या तोडीचा आला. नुसत्या ऑक्सिजनवाल्या गटाबद्दल मात्र तसं म्हणता आलं नाही. तिथे डॉक्टरांची स्वतःच्या निदानाबद्दलची खात्रीही कमी होती. म्हणजे सोपं करायलाही एक मर्यादा आहे. ती कुठेतरी त्या तीन वायरींच्या आसपास आहे.

आणि ही काही परदेशातलीच थेरं नाहीत हं. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या चेकअपला आलेल्या पुरुषांपैकी २५० जणांची झोप त्यांच्या घरीच तपासली होती. १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडखळत होता. ७.५ टक्के तर दिवसाही पेंगत होते. लोकलच्या डब्यात खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या काकांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. तासाला ४१ वेळा श्वास बंद किंवा अर्धवट. प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. पाचपर्यंत नॉर्मल, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. ऑक्सिजन सगळ्यात खाली आला होता ७४ वर. कोव्हिडमध्ये हा आकडा दिसला असता तर आम्ही अॅम्ब्युलन्स बोलावली असती.

"आता लॅब करून मला काय नवीन कळणार?" डॉक्टर म्हणाले. "४१ च्या जागी ४६ येईल, नाहीतर ३८. औषध तेच राहणार." मला हे वाक्य फार आवडलं. तपासणी कशासाठी? रिपोर्ट जाडजूड व्हावा म्हणून, की पुढे काय करायचं ते ठरावं म्हणून?

औषध म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क आणि हवेच्या दाबाने रात्रभर घसा उघडा ठेवणारं मशीन. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगासमोर मांडला, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. आताचं ऑटो मशीन उशाशी ठेवलेल्या टिफिनएवढं असतं आणि किती दाब हवा ते स्वतःच ठरवतं. त्यामुळे दाब ठरवण्यासाठीही बाबांना लॅबची रात्र काढावी लागली नाही. मात्र डॉक्टरांची एक अट होती. पंधरा दिवस मशीन नीट वापरून, दिवसाची झोप गेली असं दाखवल्याशिवाय स्टिअरिंगला हात नाही. बाबांनी मास्कला मनातल्या मनात काय शिव्या दिल्या असतील त्या असोत, पण पंधरा दिवस त्यांनी अभ्यास केल्यासारखं मशीन लावलं. सकाळी स्क्रीनवरचा आकडा स्कोअर सांगावा तसा सांगायचे. "काल सहा तास दहा मिनिटं. तासाला फक्त तीन!" एपवर्थ पुन्हा भरला. आईने सात दिले. या वेळी दोघांचा आकडा जुळला.

गणपतीला माणगावपर्यंत बाबा, पुढे मी. मशीन आजीच्या मांडीवर, तिच्या मते 'पंप'. दुसऱ्या रात्री गावातली लाइट गेली, मशीन बंद, आणि पाच मिनिटांत करवत इतक्या जोरात सुरू झाली की अख्खं घर उठून बसलं. घरात अशी लाइव्ह टेस्ट कधी झाली नव्हती. शेजारच्या काकांचा इन्व्हर्टर मागून आणला.

एवढ्यावर माझा लेख संपला असता. सोपी तपासणी जिंदाबाद, वगैरे. पण ऑक्टोबरमधल्या फॉलोअपला डॉक्टर बाबांचा ग्राफ बघता बघता मला म्हणाले, "तुम्ही का इतक्या जांभया देताय?"

मी अठ्ठावीस वर्षांची. बारीक. रात्री लेख, सकाळी लेख, मध्ये चेक कधी येणार याची चिंता... जांभया द्यायला एवढी कारणं पुरेशी नाहीत का? हो, सकाळी डोकं जड असतं. रात्री दोन-तीनदा जाग येते. घोरते? रूममेट म्हणते की थोडंसं, पाठीवर झोपले की. मी म्हटलं, माझ्यासाठीही तो बॅकपॅकवाला मुलगा पाठवा, स्वस्तात होईल. डॉक्टर नाही म्हणाले. "तुम्ही लॅबला जायचं."

अरे, हा काय न्याय? बापाला घरी आणि मला लॅब?

त्यांचं म्हणणं असं : तुमच्या स्टॉप-बँगमध्ये जेमतेम दोन. बायकांमध्ये, त्यातही तरुण आणि बारीक बायकांमध्ये, हे प्रकरण बऱ्याचदा घोरण्याने नाही तर थकवा, डोकेदुखी, तुटक झोप असं येतं. आणि तीन वायरींचं यंत्र जेव्हा 'आहे' म्हणतं तेव्हा त्यावर बहुतेक वेळा विश्वास ठेवता येतो. 'नाही' म्हणतं तेव्हा तसं नसतं. लक्षणं असतील आणि घरची तपासणी कोरी आली, तर शेवटी लॅबच करावी लागते. मग दोनदा पैसे कशाला?

लॅबची रात्र भयंकर होती. केसांत चिकट पेस्ट, वीसेक वायरी, बाथरूमला जायचं तर बेल वाजवून स्वतःला प्लगमधून काढून घ्यायचं. कॅमेऱ्यासमोर झोपायचा प्रयत्न करून बघा एकदा! साडेसात तास अंथरुणात, त्यात झोप पाच तास.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर गणित मांडलं. पाच तासांत ६० घटना, म्हणजे तासाला १२. सौम्य अॅप्निया. पण त्या साठांपैकी फक्त चोवीस वेळाच ऑक्सिजन म्हणण्यासारखा उतरला होता. उरलेल्या छत्तीस वेळा श्वास नुसता अरुंद झाला आणि मेंदू तेवढ्याने जागा झाला. हे कळलं डोक्यावरच्या वायरींमुळे. आता घरच्या यंत्राला डोक्यावर वायरच नाही. त्याला ते छत्तीस दिसले नसते. शिवाय मी झोपले कधी हेही त्याला कळत नाही, म्हणून त्याने भागिले साडेसात केलं असतं. चोवीस भागिले साडेसात, ३.२. "आणि खाली छापून आलं असतं : नॉर्मल," डॉक्टर म्हणाले.

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय. ऑफिसवाल्या मैत्रिणी हल्ली मनगटावरचं घड्याळ दाखवून विचारतात, की हे सांगतं ना सगळं? सॅमसंग आणि अॅपलच्या घड्याळांतल्या स्लीप अॅप्नियाच्या फीचरला अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी मिळालीये, खरंय. घड्याळाने इशारा दिला तर डॉक्टरकडे जा. काहीच बोललं नाही, आणि तुम्ही मीटिंगमध्ये पेंगताय, तरीही जा. कागद दाखवते मी त्यांना. पहिल्यांदा कोणालाच कळत नाही, मग ३.२ आणि १२ वर बोट ठेवते.

माझ्यासाठी मशीन नाही. कुशीवर झोपायचं आणि खालचा जबडा रात्रभर जरासा पुढे धरून ठेवणारं दातांचं एक डिव्हाइस. बाबा खूष आहेत, कारण घरात आता ते एकटे नाहीत. डेंटिस्टने दातांचं माप गेल्या आठवड्यात घेतलं. पहिले काही दिवस सकाळी जबडा दुखेल म्हणाले, आणि दोन-तीन महिन्यांनी ते घालून पुन्हा एकदा तपासणी. या वेळी तीन वायरी चालतील का, ते अजून विचारायचंय.